ओरिजिनल आहे का हो?

मुंबईच्या राणीबागेत येणारा माणूस म्युझियम बघायला आलेला नसतो. तो पेंग्विन बघायला आलेला असतो, नाहीतर वाघ, नाहीतर पोरांनी आठवडाभर भुणभुण लावली म्हणून आलेला असतो. बागेच्या दाराशीच एक जुनी देखणी इमारत दिसते, ऊन मी म्हणत असतं, आत जरा सावली मिळेल म्हणून मंडळी वळतात. आजीच्या पिशवीत डबा, बापाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, आईच्या हातात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात माझ्या वाट्याला येणारा श्रोतृवर्ग हा असा. मी इथे शनिवार-रविवारी मराठीतून माहिती सांगते. स्वयंसेवक म्हणून, म्हणजे फुकट.

हे फुकट प्रकरण लोकांच्या पचनी पडत नाही. बँकेतून रिटायर झाले तेव्हा आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला योगाचा क्लास, भजनी मंडळ आणि मसाल्यांचा घरगुती धंदा असे तीन पर्याय दिले होते. चौथा मी निवडल्यावर पहिला प्रश्न, ‘देतात किती?’ काही देत नाहीत म्हटल्यावर, ‘मग जाण्यायेण्याचं तरी?’ परळहून भायखळ्याला जाण्यायेण्याचं असं कितीसं होणार! मुलाचं म्हणणं, आईला बोलायला माणसं हवीत आणि आम्ही पुरत नाही. त्यात तथ्य आहे, पण ते मी त्याच्यासमोर कबूल करत नाही.

म्युझियममध्ये विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची एक उतरंड असते. पहिला, बाथरूम कुठे आहे. दुसरा, पेंग्विन कुठे आहेत. हे दोन निस्तरले की माणूस जरा स्थिरावतो, समोरच्या काचेच्या कपाटात डोकावतो आणि तिसरा प्रश्न येतो: ‘हे ओरिजिनल आहे का हो?’ कुठल्याही वस्तूबद्दल येतो. हस्तिदंती पेटीबद्दल येतो, भिंतीवरच्या नकाशाबद्दल येतो, खांबांवरच्या सोन्याबद्दल तर हमखास येतो. या प्रश्नाला गालातल्या गालात हसणारे जाणकार असतात, ते मला आवडत नाहीत. ज्या शहरात औषधापासून आंब्यापर्यंत सगळं पारखून घ्यावं लागतं, त्या शहरातल्या माणसानं असा प्रश्न विचारणं रास्तच आहे. पंचाईत एवढीच, की या म्युझियमपुरतं त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात देता येत नाही.

कारण हे म्युझियम सुरूच झालं मुळी दुय्यम प्रतींवर. 1855 साली पॅरिसला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा केले गेले. एक नमुना बोटीनं पॅरिसला गेला आणि त्याचा जोडीदार इथे मागे राहिला. त्या मागे राहिलेल्या नमुन्यांचं फोर्टातल्या टाउन बराकीत संग्रहालय झालं. हे ऐकलं की लोकांचा चेहरा किंचित पडतो. चांगला माल परदेशी, आपल्याला उरलेला, हा अनुभव कोणाला नाही! मी त्यांना सांगते, थांबा, अजून पुढे आहे.

पुढे आलं 1857. उत्तरेत उठाव पेटला, मुंबईत लष्कराला बराकीची जागा हवी झाली आणि म्युझियमचं सामान घाईघाईनं बाहेर काढलं गेलं. त्यात बरंच मोडलं, बरंच गेलं. जे वाचलं ते टाउन हॉलमध्ये जाऊन पडलं. जॉर्ज बर्डवुड नावाचे डॉक्टर होते, त्यांनी आणि भाऊ दाजींनी मग नव्या इमारतीसाठी वर्गणी मागायला सुरुवात केली. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून अशी बडी मंडळी पुढे झाली. 1862 साली पायाभरणी झाली. तेव्हा मुंबईत पैशाला तोटा नव्हता. अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. 1865 ला ती लढाई संपली आणि मुंबईचा शेअरबाजार धाडकन कोसळला. त्याच वर्षी नाना शंकरशेट गेले. इमारत अर्धवट. शेवटी सरकारनं पैसा घातला आणि 1872 च्या मे महिन्यात दार उघडलं. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम हे तेव्हाचं नाव. एक इमारत पुरी व्हायला दहा वर्षं, हे सांगितल्यावर माझ्या श्रोत्यांत नेहमी खसखस पिकते. रिडेव्हलपमेंटमध्ये अडकलेली दोनचार कुटुंबं प्रत्येक घोळक्यात असतातच.

भाऊ दाजींबद्दल मला थोडं जास्त बोलायला आवडतं, आणि वेळ संपत आला तरी मी ते कापत नाही. माटुंग्याच्या भाऊ दाजी रोडवर राहणाऱ्यांनासुद्धा हा गृहस्थ कोण हे माहीत नसतं. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या तुकडीतले डॉक्टर. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून इलाज शोधत होते. मधल्या वेळात अजिंठ्याचे शिलालेख वाचत होते. मधल्या वेळात म्हणजे काय, ते त्यांनाच ठाऊक! मुलींना शिकवा म्हणून सांगत होते, बालिकाहत्येविरुद्ध निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. आणि त्या 1865 च्या पडझडीत तेही पोळले. म्युझियम उघडल्यावर दोनच वर्षांनी, 1874 ला, गेले. त्यांचं नाव इमारतीला मिळालं 1975 साली. एकदा एका काकांनी विचारलं, ‘शंभर वर्षं उशीर का झाला?’ मी म्हटलं, राणीचं नाव काढायला तेवढा वेळ लागला. दुसरं काय सांगणार.

सोन्याचं मात्र सांगावंच लागतं. तळमजल्यावर शिरल्याबरोबर ओतीव लोखंडाचे खांब आणि वरच्या मजल्याचा कठडा दिसतो, हिरवट रंग, त्यावर सोनेरी नक्षी, आणि माना आपोआप वर होतात. ‘पेंट आहे ना?’ नाही, खऱ्या सोन्याचा वर्ख आहे. लगेच दुसरा, ‘म्हणजे इंग्रजांच्या वेळचं?’ तेही नाही. माझ्या लहानपणी हे म्युझियम काळोखं होतं, भिंतींना ओल, कपाटांवर धूळ, आणि आम्हाला भीती वाटायची. 2003 नंतर काही वर्षं काम चाललं, महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते केलं. त्याला 2005 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 ला म्युझियम परत उघडलं. म्हणजे सोनं खरं आहे, पण अलीकडचं आहे. नक्षी जुनी आहे, पण हात नवा आहे. ‘मग ओरिजिनल म्हणायचं की नाही?’ इथे मी खांदे उडवते. घरच्या देवाच्या टाकांना उजाळा दिला म्हणून देव बदलतात का?

आणि मग जिना चढून आम्ही मॉडेल्सपाशी येतो.

मला विचाराल तर हे म्युझियम म्हणजे ही मॉडेल्सच. बाकी बिदरीचं काम, हस्तिदंत, मुंबईच्या कलाशाळेतली निळी-हिरवी मातीची भांडी, सगळं सुरेख आहे, पण तशा सुरेख वस्तू इतरत्रही बघायला मिळतात. इथे माती आणि प्लास्टरची छोटी छोटी माणसं आहेत. मुंबईतल्या जातीजमातींची, धंद्यांची, खेळांची. पगड्या घातलेली डोकी आहेत, प्रत्येकाची पगडी वेगळी. पारशांच्या दोखम्याची, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याची, प्रतिकृती आहे, आणि तिच्यासमोर पोरं सगळ्यात जास्त वेळ उभी राहतात, कारण खऱ्या दोखम्यात खांदेकऱ्यांखेरीज कोणालाच जाता येत नाही. होड्या आहेत, शिडांसकट. यातली बरीच मॉडेल्स विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली आहेत, इथल्याच लोकांनी घडवलेली. म्हणजे उघड उघड नकला. इथे ‘ओरिजिनल आहे का?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. इथे वेगळंच काहीतरी सुरू होतं. लोक तपासायला लागतात.

माझगावचे एक कोळी काका आले होते, सोबत नात. नातीला पेंग्विनची घाई. काका होडीच्या कपाटापाशी थांबले ते थांबलेच. आधी लांबून पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. मी माझं नेहमीचं सुरू केलं, बंदर, व्यापार, अमुकतमुक. त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. डोलकाठीच्या टोकापासून प्रत्येक दोरी ते बोटानं हवेतल्या हवेत गिरवत खाली येत होते. एक दोरी झाली की दुसरी. ओठ हलत होते. मग एका ठिकाणी बोट अडलं. परत वर गेले, परत खाली आले, परत तिथेच अडलं. ‘ही इथं नाय बांधत,’ म्हणाले. ‘ही इथं बांधली तर शीड फिरवायचं कसं? वारा फिरला की माणूस जाईल पाण्यात.’ नातीनं विचारलं, कोण जाईल? ‘मीच जाईन, अजून कोण!’ 

ती दोरी खरंच चुकीची आहे, की शंभर वर्षांत कुणीतरी दुरुस्ती करताना तशी अडकवली, की माझगावची रीत एक आणि दुसऱ्या बंदराची दुसरी, हे मला ठरवता येणार नाही. पण त्या दिवशी घोळक्यातली बाकीची माणसं माझ्याकडे पाठ करून काकांभोवती जमली होती, आणि ती होडी त्यांनी ज्या बारकाईनं पाहिली तशी माझ्या माहितीनं कधी पाहिली नसती. काका पंधराएक मिनिटं बोलले. शीड कशाचं, शिवायचं कुणी, सुकाणूवर कोण बसतो, यंत्र आल्यावर काय गेलं. मी मध्ये एकदाच बोलले, एका पोराला काचेवर टेकू नको म्हणून.

असं वारंवार होतं. एखाद्या बाई मातीच्या बाहुलीच्या लुगड्याचा काष्टा नीट घातलाय की नाही ते सांगतात. शिंप्याच्या घरातला मुलगा छोट्या शिंप्याचे हात बघतो. एक पाठारे प्रभू कुटुंब आलं होतं, त्यांच्यातल्या आजोबांनी पगड्यांच्या कपाटापुढे उभं राहून घरातल्या लग्नाच्या फोटोतली पगडी आणि ही पगडी यावर लेकाशी असा वाद घातला, की पहारेकऱ्याला जवळ येऊन उभं राहावं लागलं.

याची दुसरी बाजू आहे आणि ती मी टाळत नाही. ही माणसं मातीत घडवली ती काही त्यांच्या कौतुकापोटी नाही. राज्य करायचं तर रयत कोण, काय नेसते, काय विकते, याची नोंद हवी. जात, धंदा, पेहराव, एकेक नमुना, खाली चिठ्ठी. फुलपाखरं टाचून ठेवायची तीच पद्धत. एका कॉलेजच्या मुलीनं मला सरळ विचारलं, ‘काकू, यात गोऱ्या साहेबाचं मॉडेल का नाही? त्याचा पेहराव नव्हता का?’ या प्रश्नावर मी टाळ्या वाजवायच्या बाकी राहिले होते. साहेबाचे पुतळे केले जातात, संगमरवरी, मोठ्या आकाराचे आणि नावानिशी. खाली मधोमध राजपुत्र आल्बर्ट उभा आहे, मॅथ्यू नोबलनं घडवलेला, ससूननं दिलेला. आणि आपली माणसं वीतभर, बिननावाची. हा हिशेब तिथे उभं राहून डोळ्यांनी दिसतो, तो मला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण मला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. ज्यांना नमुना म्हणून मांडलं, त्यांची पतवंडं तिकीट काढून येतात आणि त्या नमुन्यात चुका काढतात. साहेबानं ज्यांची नोंद केली ती नोंद तपासायला कोणी येईल असं त्याच्या स्वप्नातही नसणार. माझं काम त्या वेळी बाजूला होण्याचं असतं. गाइडला बोलायला शिकवतात, गप्प बसायचं त्याचं त्यानं शिकायचं असतं. मी आता काही गोष्टी पाळते. सन सांगायचे ते मोजके, आणि कथेच्या शेपटाला बांधून. वस्तूच्या पुढे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. लहान मुलं पुढे, उंच लोक मागे, आणि जो माणूस घोळका सोडून एकाच कपाटापाशी रेंगाळतो त्याला हाक मारायची नाही. त्याच्याकडे आपण जायचं. आजी-आजोबांना बाक कुठे आहे ते आधीच सांगून ठेवायचं, पाय दुखणाऱ्या माणसाला इतिहास ऐकू येत नाही.

शाळेच्या सहलींबद्दल न बोललेलं बरं. बाई ‘रांग, रांग!’ ओरडत असतात आणि पोरं शेवटच्या कपाटापर्यंत पळून परत आलेली असतात. त्यांना काय आठवत राहील ते देव जाणे.

माझी फेरी मी आवारात संपवते, कारण सगळ्यात अस्सल वस्तू तिथे आहेत आणि त्या सगळ्या मोडलेल्या किंवा हलवलेल्या आहेत. दगडी हत्ती बघा. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा बेत झाला, उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. फुटला म्हणून राहिला. तुकडे मुंबईत आणले, आणि 1914 साली ते जोडून त्याला पुन्हा उभा केला. जवळ गेलात तर सांधे दिसतात. पोरांना मी ते सांधे शोधायला लावते. या हत्तीपाशी मात्र ‘ओरिजिनल आहे का?’ हे विचारणारा माणूस स्वतःच उत्तरही देतो, ‘म्हणजे आहे, पण फेविकॉल लावलेला.’ हा विनोद दर रविवारी कोणीतरी नव्यानं करतं आणि मी दर रविवारी हसते.

व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही आवारातच आहे. हा पूर्वी फोर्टात होता. 1896 साली चिंचवडच्या चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं आणि जोड्यांची माळ घातली. सरकारला पत्ता लागला नाही, पुढे रँडच्या खुनानंतर दामोदर चापेकरांनी स्वतःच ते सांगितलं. डांबर काढायला सरकारला कोणी मिळेना, ते काढलं त्रिभुवनदास गज्जर या आपल्याच रसायनशास्त्रज्ञानं. फासणाराही इथलाच, पुसणाराही इथलाच. यावर घोळक्यात हमखास दोन तट पडतात. गज्जरांनी नकार द्यायला हवा होता म्हणणारे एकीकडे. ‘अहो, त्यांनी आपलं शास्त्र दाखवून दिलं, इंग्रजांना जमलं नाही ते करून दाखवलं’ म्हणणारे दुसरीकडे. मी दुसऱ्या तटातली आहे, पण मतदान घेत नाही.

काळा घोडाही बागेतच आहे, हे अर्ध्या मुंबईला माहीत नाही. ज्याच्यावरून त्या भागाला नाव पडलं तो घोडा, वर बसलेल्या सातव्या एडवर्डसकट, 1965 साली तिथून हलवला आणि राणीबागेत आणला. तिकडे 2017 मध्ये नवा घोडा बसवला आहे, त्याच्यावर स्वार नाही. नाव तिकडे, घोडा इकडे. ‘मग खरा काळा घोडा कुठला?’ असं एका आठवीतल्या मुलानं विचारलं तेव्हा त्याच्या वडिलांनी ‘चल रे, पेंग्विन बंद होतील’ म्हणून त्याला ओढत नेलं. त्याचं उत्तर माझ्याकडे राहिलंय. तो परत आला तर आधी त्यालाच विचारणार आहे, तुला कुठला वाटतो?

एवढं मात्र खरं, की मला होडीच्या त्या दोरीनं अजून सोडलेलं नाही. काकांनंतर मी दोघातिघांना विचारलं, एकानं काका बरोबर म्हणून सांगितलं, एकानं ‘माझगाववाले असंच बोलणार’ म्हणून उडवून लावलं. तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी शिडाची होडी होती, किंवा ज्यांनी होती त्यांच्याकडून ऐकलेलं असेल, तर एखाद्या शनिवारी-रविवारी भायखळ्याला या. म्हातारी माणसं सोबत आणलीत तर उत्तम. जिना आहे, पण वाटेत बसायला जागा देते मी काढून. बुधवारी येऊ नका, बुधवारी बागही बंद आणि म्युझियमही.